शहिदांची कुटुंबे, माजी सैनिक आणि विधिमंडळाची जबाबदारी

तिरंग्यात लपेटलेले पार्थिव गावात येते, तेव्हा पालकमंत्री, स्थानिक आमदार, जिल्हाधिकारी आणि पंचक्रोशीतील हजारो नागरिक उपस्थित असतात. बंदुकीच्या फैरी झडतात, अमर रहेच्या घोषणा होतात आणि राज्य सरकारच्या मदतीची घोषणाही त्याच दिवशी होते. मात्र, तेराव्यानंतर पाहुणे परतले की, त्या घराचा संबंध येतो तो कागदपत्रांशी. कोणती मदत केंद्राकडून मिळणार, कोणती राज्याकडून, अर्ज कोठे करायचा, कोणता दाखला लागणार, या प्रश्नांची उत्तरे बहुतेक कुटुंबांना ठाऊक नसतात. सैनिक केंद्राच्या सेवेत असतो, परंतु त्याचे घर, शेती, मुलांची शाळा आणि निवृत्तीनंतरची नोकरी हे सारे राज्यात असते. त्यामुळेच राज्याच्या विधिमंडळाची या विषयातील भूमिका महत्त्वाची ठरते. ही भूमिका नेमकी काय आहे, तिची मर्यादा कोठे आहे आणि ती कोठे कमी पडते, याचा हा आढावा.

केंद्राचे काय, राज्याचे काय?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार देशाचे संरक्षण आणि सेनादले हे विषय केंद्र सूचीत आहेत. केंद्राच्या तिजोरीतून दिले जाणारे निवृत्तिवेतनही केंद्राच्याच अखत्यारीत येते. सैनिकाचे वेतन, निवृत्तिवेतन, कुटुंब निवृत्तिवेतन, 'समान श्रेणी, समान निवृत्तिवेतन' ही नोव्हेंबर २०१५ मध्ये अधिसूचित झालेली आणि १ जुलै २०१४ पासून लागू करण्यात आलेली योजना, २००३ मध्ये सुरू झालेली माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, लष्करी कॅन्टीन आदी बाबींवर कोणत्याही राज्याच्या विधिमंडळाला कायदा करता येत नाही. युद्धात किंवा चकमकीत जवान धारातीर्थी पडल्यास त्याच्या पत्नीला मिळणारे उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन आणि केंद्राचे सानुग्रह अनुदान हेही संरक्षण मंत्रालयाच्या नियमांनुसार ठरते.

राज्याच्या हाती उरते ते मात्र थोडे नाही. जमीन, जमीन व इमारतींवरील कर, स्थानिक स्वराज्य संस्था आणि राज्य सरकारची नोकरभरती हे विषय राज्य सूचीत आहेत. शिक्षण समवर्ती सूचीत असल्याने शाळा, महाविद्यालयातील प्रवेश, फी आणि वसतिगृहे यांबाबतही राज्याला निर्णय घेता येतात. थोडक्यात, सैनिक गणवेशात असेपर्यंत त्याची जबाबदारी प्रामुख्याने केंद्राची असते. गणवेश उतरवल्यानंतर किंवा तो न परतल्यानंतर त्याच्या कुटुंबाचे दैनंदिन जीवन ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांतील बहुतांश राज्याच्या अधिकारात येतात.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय नवा नाही. पहिल्या महायुद्धात सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावातील ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिशांनी तेथे स्मारक उभारले आणि पुढे हे गाव 'अपशिंगे मिलिटरी' याच नावाने ओळखले जाऊ लागले. कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळीच्या नावातही सैनिकी परंपरा आहे. मराठा लाइट इन्फन्ट्री आणि महार रेजिमेंट यांसारख्या पलटणींमध्ये राज्याच्या ग्रामीण भागातील तरुण पिढ्यान् पिढ्या भरती होत आले आहेत. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये सातारा येथेच सुरू झाली.

यंत्रणा कशी चालते?

माजी सैनिकांच्या कल्याणाची यंत्रणा शंभर वर्षांहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' स्थापन झाले. १९७५ मध्ये त्याचे नामकरण केंद्रीय सैनिक मंडळ असे झाले. केंद्रीय मंडळाच्या खाली प्रत्येक राज्यात राज्य सैनिक मंडळ आणि जिल्ह्यात जिल्हा सैनिक मंडळ अशी रचना आहे. जिल्हा मंडळाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. केंद्रात संरक्षण मंत्रालयांतर्गत माजी सैनिक कल्याणासाठी स्वतंत्र विभाग २००४ मध्ये निर्माण करण्यात आला.

महाराष्ट्रात हे काम सैनिक कल्याण विभागामार्फत चालते. त्याचे मुख्यालय पुण्यात असून तो राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाच्या अखत्यारीत आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेले जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हा माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी पहिला दरवाजा होय. माजी सैनिकांची नोंदणी, ओळखपत्रे, शिष्यवृत्तीचे अर्ज, निवृत्तिवेतनातील तक्रारींचा पाठपुरावा आणि सैनिकांच्या मुला-मुलींची वसतिगृहे ही कामे या कार्यालयांकडे असतात. या यंत्रणेच्या खर्चाचा भार केंद्र आणि राज्य दोघे मिळून उचलतात. म्हणजेच जिल्हा कार्यालयातील लिपिकाचे पद भरले गेले किंवा रिक्त राहिले, याच्याशी राज्याच्या अर्थसंकल्पाचा थेट संबंध असतो.

दरवर्षी ७ डिसेंबरला साजरा होणारा सशस्त्र सेना ध्वजदिन हा या यंत्रणेचा दुसरा आधार. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो. ध्वजदिन निधीच्या संकलनाची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असते आणि त्यातून माजी सैनिक, विधवा व पाल्यांसाठी मदत दिली जाते. याशिवाय २००२ मध्ये राज्य सरकारने महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, अर्थात 'मेस्को' स्थापन केले. शासकीय व खासगी आस्थापनांना सुरक्षारक्षक पुरवून माजी सैनिकांना रोजगार देणे हे त्याचे प्रमुख काम आहे. ऐन पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होणाऱ्या जवानाला मुलांच्या शिक्षणाच्या वर्षांत दुसरे उत्पन्न आवश्यक असते, हा त्यामागील व्यवहार.

कायद्याच्या पुस्तकात काय आहे?

विधिमंडळाचे मूळ काम कायदे करणे. या विषयावर महाराष्ट्राच्या कायद्यांत काही तरतुदी आहेत, पण त्या शोधाव्या लागतात. कूळकायद्यात, म्हणजे १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमात, सेनादलातील जमीनमालकांसाठी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट करण्यात आले. चीनशी झालेल्या १९६२ च्या युद्धानंतरच्या वर्षांतील ही दुरुस्ती आहे. सीमेवर असल्याने स्वतः शेती कसू न शकलेल्या सैनिकाची जमीन त्याच्या गैरहजेरीमुळे कुळाकडे कायमची जाऊ नये, हा तिचा हेतू.

शहरी भागासाठी तसेच तत्त्व १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमात आहे. या कायद्याच्या कलम २३ नुसार सेनादलातील व्यक्तीला स्वतःच्या कुटुंबाच्या वास्तव्यासाठी भाड्याने दिलेली जागा परत मिळवण्याचा विशेष हक्क आहे. सैनिकाच्या पश्चात त्याच्या वारसांनाही या कलमाचा आधार घेता येतो. पुणे, मुंबई, नाशिकसारख्या शहरांतील सैनिकी कुटुंबांना ही तरतूद उपयोगी पडू शकते, परंतु तिची माहिती फारशी नसते.

आर्थिक मदतीचाच कायदा करणाऱ्या राज्याचे जुने उदाहरण पंजाबचे आहे. फाळणीनंतर लगेचच, १९४८ मध्ये, तेथे 'ईस्ट पंजाब वॉर अवॉर्ड्स अ‍ॅक्ट' संमत झाला. ज्या आई-वडिलांनी आपले एकुलते एक किंवा अनेक अपत्ये युद्धकाळात सैन्यात पाठवली, त्यांना 'जंगी जहागीर' म्हणून वार्षिक रक्कम देण्याची तरतूद या कायद्यात आहे. रक्कम मोठी नाही, पण तिला कायद्याचे अधिष्ठान आहे.

शासन निर्णयांतून मिळणारे लाभ

महाराष्ट्रात शहिदांच्या कुटुंबांना मिळणारे बहुतेक लाभ कायद्यातून नव्हे, तर मंत्रिमंडळाच्या निर्णयांतून आणि त्यानंतर काढल्या जाणाऱ्या शासन निर्णयांतून, म्हणजे 'जीआर'मधून येतात. त्यांतील प्रमुख लाभ पुढीलप्रमाणे आहेत.

सानुग्रह मदत : युद्धात किंवा युद्धजन्य परिस्थितीत वीरमरण आलेल्या राज्यातील जवानाच्या कुटुंबाला देण्यात येणारी राज्याची मदत २०१९ मध्ये २५ लाखांवरून एक कोटी रुपये करण्यात आली. कायमचे अपंगत्व आलेल्या जवानांसाठी अपंगत्वाच्या टक्केवारीनुसार वेगवेगळी रक्कम निश्चित करण्यात आली.

शेतजमीन : वीरपत्नीला किंवा कायदेशीर वारसांना दोन हेक्टर शासकीय शेतजमीन विनामूल्य देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये घेतला.

मालमत्ता कर : माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी व मालमत्ता करातून सूट देणारी 'बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना' २०२० मध्ये जाहीर झाली. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या स्थानिक संस्थांच्या करांना ती लागू आहे.

नोकरी : राज्य शासनाच्या गट क आणि गट ड मधील सरळसेवा भरतीत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर असल्याने ते प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या अंतर्गत मोजले जाते.

प्रवास : शहिदांच्या पत्नींना एसटीच्या बसमधून मोफत प्रवासाची सवलत २०१८ मध्ये सुरू झाली.

इतर मदत : दुसऱ्या महायुद्धात सेवा केलेल्या, पण निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या सैनिकांना व त्यांच्या विधवांना राज्याकडून मासिक मानधन दिले जाते. शौर्यपदकधारकांना रोख पुरस्कार मिळतो. पाल्यांसाठी शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाची सोय आहे.

ही यादी पाहिल्यास राज्याने पुष्कळ केले आहे, असेच कोणीही म्हणेल आणि ते चुकीचे नाही. तथापि यादीतील प्रत्येक लाभाची अंमलबजावणी वेगळ्या खात्याकडे आहे. सानुग्रह मदत सामान्य प्रशासन विभागाकडे, जमीन महसूल खात्याकडे, कर नगरविकास आणि ग्रामविकास खात्यांकडे, बसचा पास एसटी महामंडळाकडे. मंत्रालयात हे सारे विभाग एकाच इमारतीत असले, तरी तालुक्याच्या गावी राहणाऱ्या वीरपत्नीला त्यासाठी चार कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात.

घोषणा आणि हक्क यांतील अंतर

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. शासन निर्णय हा सरकारच्या कार्यकारी अधिकारातून निघतो. तो काढण्यासाठी विधेयक लागत नाही, सभागृहात मतदान लागत नाही. त्यामुळे निर्णय वेगाने होतो, हा त्याचा फायदा. पण तितक्याच सहजतेने तो बदलता येतो, त्यात नव्या अटी घालता येतात, हा त्याचा तोटा. कायद्यात लिहिलेली तरतूद बदलायची, तर सभागृहात चर्चा करावी लागते आणि सरकारला कारण द्यावे लागते.

अमेरिकेतील राज्यांची उदाहरणे या संदर्भात बोलकी आहेत. तेथेही सेनादले केंद्राचीच आहेत, पण राज्यांच्या विधिमंडळांनी माजी सैनिकांचे लाभ मोठ्या प्रमाणात कायद्यात बांधले आहेत. कॅलिफोर्नियाने १९२१ मध्ये कायदा करून माजी सैनिकांसाठी शेती आणि घरांच्या कर्जाची योजना आणली आणि ती शतकाहून अधिक काळ टिकली. टेक्सासच्या 'हेझलवूड' कायद्यानुसार पात्र माजी सैनिकाला राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत १५० क्रेडिट तासांपर्यंतचे शिक्षणशुल्क माफ होते आणि धारातीर्थी पडलेल्या सैनिकाच्या पत्नी व मुलांनाही त्याचा लाभ मिळतो. अशा कायद्यामुळे विद्यार्थी विद्यापीठाकडे मदत मागत नाही, तर हक्क सांगतो. अर्थात, हक्क दिल्यावर त्याचा खर्चही कायमचा अंगावर येतो. टेक्सासमध्ये विद्यापीठांवर पडणाऱ्या या भाराची चर्चा तेथील विधिमंडळात वारंवार होते. पण ती चर्चा सभागृहात, नोंदीसह होते, हे महत्त्वाचे.

'शहीद' कोणाला म्हणायचे?

भाषणांत सर्रास वापरला जाणारा 'शहीद' हा शब्द सेनादलांच्या अधिकृत परिभाषेत नाही. संरक्षण आणि गृह मंत्रालयांनी २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगासमोर ही बाब स्पष्ट केली होती. लष्कराच्या नोंदीत 'बॅटल कॅज्युअल्टी' आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी' अशी वर्गवारी होते. शत्रूशी किंवा दहशतवाद्यांशी लढताना आलेला मृत्यू पहिल्या प्रकारात मोडतो. आजारपण, रस्ता अपघात किंवा सेवेतील अन्य कारणाने आलेला मृत्यू साधारणतः दुसऱ्या प्रकारात जातो.

राज्याच्या मोठ्या मदतीसाठी बहुधा पहिल्या प्रकारचे प्रमाणपत्र निर्णायक ठरते. त्यामुळे दोन्ही घरांतील कर्ता पुरुष सेवेत असतानाच गेला, दोन्ही पार्थिवे तिरंग्यातच आली, तरी एका घराला एक कोटी आणि दुसऱ्याला त्या तुलनेत किरकोळ मदत, असे घडू शकते. गावाच्या लेखी दोघेही शहीद असतात. फायलीच्या लेखी नसतात. अंत्यसंस्काराच्या वेळी नेत्यांनी केलेल्या घोषणेनंतर काही महिन्यांनी नियमात बसत नसल्याचे पत्र आले की, कुटुंबाला वाटते ती फसवणूक. प्रत्यक्षात ती व्याख्येची अडचण असते. ही व्याख्या किती व्यापक असावी, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि तो ठरवण्याची जागा विधिमंडळ हीच आहे.

अधिवासाची अट

दुसरी अडचण रहिवासाची. लष्करी कुटुंबाची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. मुलाचा जन्म एका राज्यात, शाळा दुसऱ्या राज्यात, घर तिसऱ्या राज्यात, ही त्यांच्यासाठी नेहमीची बाब आहे. राज्याची मदत मात्र 'राज्यातील' जवानासाठी असते.

या अटीची कसोटी मुंबई उच्च न्यायालयात लागली. जम्मू-काश्मीरमधील हंदवाडा येथे मे २०२० मध्ये दहशतवाद्यांशी लढताना मेजर अनुज सूद यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र प्रदान करण्यात आले. त्यांच्या पत्नीने २००० आणि २०१९ मधील शासन निर्णयांनुसार महाराष्ट्र सरकारच्या मदतीची मागणी केली. राज्यात जन्म किंवा सलग १५ वर्षे वास्तव्य या निकषात ते बसत नसल्याची भूमिका सरकारने घेतली. प्रकरण न्यायालयात गेले. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारच्या दिरंगाईबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली आणि विशेष बाब म्हणून विचार करण्यास सांगितले. त्यानंतर सरकारने एक कोटी रुपयांची मदत मंजूर केली. त्यापैकी ६० लाख पत्नीला आणि ४० लाख वडिलांना देण्याचे ठरले.

एका कुटुंबाला न्याय मिळाला, ही समाधानाची गोष्ट. पण 'विशेष बाब' म्हणून सुटलेल्या प्रकरणाचा उपयोग पुढच्या कुटुंबाला होतोच असे नाही. त्यासाठी नियम बदलावा लागतो. वीरमरणानंतर चार वर्षांनी आणि उच्च न्यायालयाची पायरी चढल्यावर जी मदत मिळाली, ती मिळण्याचा मार्ग नियमातच असता, तर न्यायालयात जाण्याची वेळच आली नसती.

राज्याराज्यांतील तफावत

केंद्राची मदत देशभर सारखी असली, तरी राज्यांच्या मदतीत मोठी तफावत राहिली आहे. उत्तर प्रदेशने २०२० मध्ये आपली मदत २५ लाखांवरून ५० लाख रुपये केली. पंजाबने २०२२ मध्ये ५० लाखांवरून एक कोटी केली. हरियाणाने २०२४ मध्ये तसाच निर्णय घेतला. दिल्ली सरकारची योजना एक कोटीचीच आहे. एकाच तुकडीतील, एकाच चकमकीत धारातीर्थी पडलेल्या दोन जवानांच्या घरी त्यामुळे वेगवेगळी रक्कम जाऊ शकते. राज्यांनी मदत वाढवण्याची स्पर्धा करणे कुटुंबांच्या हिताचेच आहे. तथापि रक्कम वाढवण्याची घोषणा जितकी ठळकपणे होते, तितक्या ठळकपणे ती किती दिवसांत मिळावी, याचा उल्लेख होत नाही.

पत्नी की आई-वडील?

मिळालेली रक्कम कोणाला द्यायची, हाही नाजूक विषय आहे. केंद्राच्या नियमांत कुटुंब निवृत्तिवेतनाचा पहिला हक्क पत्नीचा असतो. जवान अनेकदा पंचविशी-तिशीतील असतो, पत्नी त्याहून लहान असते आणि आई-वडील त्याच्याच कमाईवर अवलंबून असतात. सुनेने माहेरी जाण्याचा किंवा पुनर्विवाहाचा निर्णय घेतला, तर वृद्ध आई-वडिलांचे काय, आणि सासरच्यांनी दडपण आणले, तर त्या तरुण विधवेचे काय, असे दोन्ही बाजूंचे प्रश्न आहेत. उत्तर प्रदेशने ५० लाखांपैकी ३५ लाख पत्नीला आणि १५ लाख आई-वडिलांना अशी विभागणी केली. अशी विभागणी आधीच लिहून ठेवली, तर मदतीच्या रकमेवरून घर फुटण्याची वेळ येत नाही. वाटणी अधिकाऱ्यांच्या किंवा स्थानिक पुढाऱ्यांच्या मर्जीवर सोडली की, दुःखात वादाची भर पडते.

अग्निवीरांचा नवा प्रश्न

जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या अग्निपथ योजनेने राज्यांपुढे नवा प्रश्न उभा केला. या योजनेत चार वर्षांची सेवा असून जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना पुढे नियमित सेवेत घेण्याची मूळ तरतूद आहे. सेवेत असताना मृत्यू आल्यास ४८ लाखांचा विमा आणि सेवेमुळे मृत्यू आला असल्यास ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान केंद्राकडून मिळते. मात्र, नियमित जवानाच्या कुटुंबाप्रमाणे आयुष्यभराचे कुटुंब निवृत्तिवेतन नाही. चार वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला 'माजी सैनिक' हा दर्जाही योजनेत दिलेला नाही.

पहिल्या तुकड्या डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला रुजू झाल्या. म्हणजे त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होतात. माजी सैनिकांसाठी असलेले १५ टक्के आरक्षण, करसवलत, मेस्कोची नोकरी हे लाभ या तरुणांना लागू करायचे की त्यांच्यासाठी स्वतंत्र व्यवस्था करायची, हे राज्यांनी ठरवायचे आहे. हरियाणाने २०२४ मध्ये पोलीस शिपाई, वनरक्षक आदी पदांसाठी अग्निवीरांना दहा टक्के समांतर आरक्षण जाहीर केले. राज्याचे सारे लाभ 'माजी सैनिक' या एका शब्दाला जोडलेले असताना त्या शब्दात न बसणारी सैनिकांची पिढी तयार होत आहे, याकडे विधिमंडळाला दुर्लक्ष करता येणार नाही.

आमदारांच्या हाती काय आहे?

अंत्यदर्शनाला उपस्थित राहणे, स्मारकासाठी आमदार निधी देणे, चौकाला शहिदाचे नाव देण्यासाठी प्रयत्न करणे हे आमदार करीत असतात आणि गावाला त्याचे मोल असते. परंतु विधिमंडळाचा सदस्य म्हणून त्यांच्या हाती याहून प्रभावी साधने आहेत.

तारांकित प्रश्न विचारून एखाद्या जिल्ह्यात किती वीरपत्नींनी जमिनीसाठी अर्ज केले, किती मंजूर झाले आणि प्रत्यक्ष ताबा किती जणींना मिळाला, याची माहिती सरकारकडून मागता येते. हे उत्तर सभागृहाच्या नोंदीत राहते. तातडीच्या प्रकरणात लक्षवेधी सूचना मांडता येते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनाची पूर्तता झाली की नाही, हे पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. अर्थसंकल्पी अधिवेशनात सैनिक कल्याण विभागाच्या मागण्यांवर बोलून रिक्त पदे, वसतिगृहांची दुरुस्ती, जिल्हा कार्यालयांची स्थिती यांचा हिशेब विचारता येतो. विखुरलेले शासन निर्णय एकत्र करून त्यांचा एकच कायदा व्हावा, असे वाटणाऱ्या सदस्याला अशासकीय विधेयक मांडण्याचा अधिकार आहे.

असा कायदा झाल्यास त्यात तीन गोष्टींना स्थान मिळणे आवश्यक ठरेल. लाभार्थी कोण, याची स्पष्ट व्याख्या. लष्करी कुटुंबांच्या बदल्या लक्षात घेणारी अधिवासाची अट. आणि अर्जावर निर्णय देण्याची निश्चित मुदत. सेवा हमी कायद्यामुळे सामान्य दाखल्यांना मुदत मिळाली. वीरपत्नीच्या जमिनीच्या फायलीला तशी मुदत का नसावी, याचे उत्तर देणे कोणत्याही सरकारला कठीण जाईल.

कुटुंबांनी काय करावे?

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत सेवेतील जवानांनी आणि त्यांच्या घरच्यांनी काही बाबींची काळजी घेणे हिताचे ठरते. विवाह आणि अपत्यांच्या जन्माची नोंद युनिटमार्फत 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये झाली आहे का, हे जवानाने पाहावे. सेवा नोंदीतील नाव, आधार कार्डावरील नाव आणि बँक खात्यावरील नाव यांत फरक असल्यास तो वेळीच दुरुस्त करून घ्यावा. माहेरचे आणि सासरचे नाव यांतील तफावतीमुळे निवृत्तिवेतन अडकल्याची उदाहरणे जिल्हा कार्यालयांना नवीन नाहीत. नामनिर्देशनही अद्ययावत ठेवावे.

निवृत्त सैनिकांनी डिस्चार्ज बुक आणि निवृत्तिवेतन आदेश, म्हणजे पीपीओ, यांच्या प्रती पत्नीला माहीत असतील अशा ठिकाणी ठेवाव्यात आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करावी. संरक्षण निवृत्तिवेतनाचे काम 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीवर गेल्याने दरवर्षीचा हयातीचा दाखला वेळेत सादर करणे आवश्यक आहे. मालमत्ता करातील सूट आपोआप लागू होत नाही; त्यासाठी ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या प्रमाणपत्रासह अर्ज करावा लागतो. जमिनीसाठीचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो. प्रत्येक अर्जाची पोच घेऊन ती जपून ठेवावी. पाठपुराव्याला आणि पुढे आमदारांमार्फत सभागृहात प्रश्न विचारायचा झाल्यास, त्यालाही तोच आधार असतो.